माझ्या चेहऱ्याचा मास्क

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलं की सिंधुदुर्ग किल्ल्याजवळून परतणाऱ्या स्कुबाच्या बोटी दिसतात. उतरणाऱ्यांपैकी काहींना काय सांगू नि काय नको असं झालेलं असतं. काही जण मात्र नाक चोळत गुपचूप उतरतात आणि विचारलं की म्हणतात, "नाकातोंडात पाणी गेलं हो. आपल्याला नाही जमायचं हे." या 'नाही जमायचं'मागे पुष्कळदा चेहऱ्याला न बसलेला मास्क असतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पाण्याची भीती खरी असतेच. पण काचेच्या आत पाणी चढायला लागलं आणि ते नाकाशी आलं, तर चांगल्या पोहणाऱ्याचाही धीर सुटतो.

मी पुण्याची, वय पन्नाशीच्या पुढे, शाळेपासून टँकवर पोहणारी. चेहरा अरुंद, गाल बसलेले. चष्म्याचा नंबर उजव्या डोळ्याला उणे साडेचार, डाव्याला उणे चार. तारकर्लीच्या बाजूला पहिल्यांदा पाण्याखाली गेले तेव्हा बोटीत माझ्या शेजारी कोल्हापूरचे एक गृहस्थ होते. मास्क गळतोय म्हणून ते पट्टा ओढून ओढून आवळत होते. बोटीवरचा पोरगा त्यांना म्हणाला, "दादांनू, पट्टो इतको कित्याक आवळतास? आवळलास तर पाणी आणखी येतला." त्यानं टबातून दुसरा मास्क काढला, पट्ट्याशिवाय नुसता त्यांच्या तोंडाला लावून बघितला, मग तिसरा, आणि त्यांचं काम झालं. त्या पोराला जे कळत होतं, ते मला पुढं निरनिराळ्या माणसांकडून हळूहळू शिकावं लागलं.

माझी अडचण वेगळी होती. माझ्या मास्कमध्ये पाणी थोडंच आलं, पण चष्मा बोटीत ठेवलेला. खाली इन्स्ट्रक्टर बोटानं काहीतरी दाखवत होता आणि मला समोर नुसता करडा-हिरवा ढग. वर आल्यावर तो म्हणाला, खडकाच्या कपारीत चांगला मोठा गोबरा मासा होता. जे बघायला गेले तेच दिसलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ठरवलं, रीतसर 'ओपन वॉटर'चा, म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स करायचा आणि त्याआधी स्वतःचा मास्क घ्यायचा. बाकी सगळं सामान भाड्यानं मिळतं आणि चालतं. हवेची टाकी, बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) कुणाचेही असोत, आपल्याला थोडंफार जुळवून घेता येतं. चेहरा काही जुळवून घेता येत नाही.

पाण्यात उघड्या डोळ्यांनी धूसर का दिसतं, याचा मी आयुष्यभर पोहूनही कधी विचार केला नव्हता. डोळ्याची प्रकाश वळवण्याची ताकद साधारण ६० डायऑप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात तेच माप). त्यातले ४३च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे. हवेतून कॉर्नियात शिरताना प्रकाश चांगला वळतो. पाण्यातून शिरताना जवळजवळ वळतच नाही, कारण पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचा आकडा, १.३३ आणि कॉर्नियाचा १.३८च्या आसपास. डोळ्याची दोन तृतीयांश ताकद तिथंच गेली. म्हणून डोळ्यापुढे हवेची एक पोकळी धरून ठेवायची, एवढंच मास्कचं मूळ काम. त्या पोकळीची किंमत म्हणून पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठी आणि पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. नवीन माणूस हात लांबवतो आणि दोरी हाताला लागत नाही, ते यामुळे.

अंदमान समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, थायलंड आणि म्यानमारकडे, मोकेन नावाचे समुद्रावर राहणारे लोक आहेत. त्यांची मुलं मास्कशिवाय तळातले शिंपले वेचतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ॲना गिस्लेन यांनी २००३ साली दाखवून दिलं की ही मुलं पाण्याखाली बाहुली अगदी बारीक करतात, डोळ्याच्या भिंगाचाही जोर लावतात, आणि युरोपीय मुलांपेक्षा दुपटीहून बारीक तपशील त्यांना दिसतो. हे वाचलं तेव्हा मला त्या मुलांचा फार हेवा वाटला.

मग पोहण्याचा गॉगल का चालत नाही? माझ्या टँकवरच्या मैत्रिणींनी हेच विचारलं होतं. दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि बंद पोकळीतली हवा निम्म्या जागेत बसू बघते. बॉइलचा १६६२चा नियम. गॉगलमध्ये वाढीव हवा घालायला वाट नाही, म्हणून तो डोळे बाहेर ओढायला लागतो. डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, भोवती काळंनिळं होतं. मास्कमध्ये नाक आत असतं, त्यामुळे खाली जाताना नाकातून थोडी हवा सोडली की आतला दाब सारखा होतो. नाक आत असण्याचं दुसरं कारण कान. खाली जाताना कान दडे बसल्यासारखे दुखतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. म्हणजे मास्कला नाकाचा कप्पा हवा आणि तो बाहेरून बोटांनी दाबता यायला हवा. ही सोय केलेला एक फार जुना मास्क म्हणजे इटलीतल्या क्रेसी कंपनीचा १९५२चा 'पिनोकिओ'. लुइजी फेरारो यांनी तो बनवला आणि पुढं आलेल्या किती मास्कांना त्यानं नाक दिलं ते कुठल्याही दुकानात दिसतं.

डायव्हिंगचं सामान हातात घेऊन बघता येईल अशी दुकानं आपल्याकडे थोडीच. मुंबईतल्या एका दुकानात आधी फोन करून, भाचीला सोबत घेऊन गेले. ऑनलाइन मागवायचा विचार मनात आला होता, पण चपला घालून न बघता घेतल्या तर फार तर पाय चावतो. इथं प्रश्न पाण्याखालचा होता. दुकानदार स्वतः डायव्हर. मी आत शिरल्या शिरल्या भिंतीवरच्या एका सुंदर निळ्या मास्ककडे हात केला, तर म्हणाला, "मॅडम, रंग शेवटी. आधी केस मागं बांधा आणि छताकडे बघा."

ही छताकडे बघायची चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. म्हणून ती सविस्तर सांगते.

पट्टा काचेवरून पुढं उलटायचा, म्हणजे तो मध्ये येत नाही. मान मागं टाकून मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, श्वास ओढायचा नाही. आपल्या वजनानं तो जसा बसेल तसा बसू द्यायचा. आता सोबतच्या माणसानं चारी बाजूंनी कड तपासायची. सिलिकोनची मऊ कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती सगळीकडे त्वचेला टेकली आहे का? कानशिलांपाशी फट, भुवयांच्या मध्ये फट, नाकाखाली वरच्या ओठावर फट, असं काही दिसतं का? भाची मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या चेहऱ्याभोवती फिरत होती. "मावशी, डावीकडे उजेड आत जातोय." तो मास्क बाजूला. त्या निळ्या सुंदर मास्कला दोन्ही कानशिलांपाशी चांगली करंगळी जाईल एवढी जागा राहिली. रुंद चेहऱ्याच्या माणसाला तो अप्रतिम बसला असता.

फट नाही असं दिसलं की दुसरी पायरी. नाकानं अगदी हलका श्वास आत घ्यायचा, फूल हुंगावं तितकाच, आणि रोखायचा. मास्क सगळीकडून सारखा आत ओढला गेला पाहिजे आणि हात सोडल्यावर, खाली वाकल्यावरही राहिला पाहिजे. इथं दुकानदारानं एक गोष्ट दोनदा बजावली. जोरात ओढू नका. सिलिकोन इतकं मऊ असतं की जोर लावून ओढलं तर जवळपास कुठलाही मास्क कुठल्याही चेहऱ्याला चिकटतो, आणि पाण्यात गेल्यावर तोच गळतो, कारण पाण्यात आपण सतत नाकानं ओढत बसत नाही. इंटरनेटवर सगळीकडे 'श्वास ओढून बघा' एवढंच सांगितलेलं असतं. छताकडे बघायची पायरी गाळली तर त्या सांगण्यातला अर्धा अर्थ निघून जातो.

तिसरी पायरी म्हणजे तोंडात स्नॉर्केलचा, म्हणजे श्वासाच्या नळीचा, माउथपीस घेऊन पहिल्या दोन्ही गोष्टी पुन्हा करायच्या. माउथपीस दातांत धरला की वरचा ओठ उचलला जातो, गाल आत जातात आणि नाकापासून ओठांच्या कडेकडे जाणाऱ्या घड्या बदलतात. माझ्या वयाला त्या घड्या खोल असतात. मोकळ्या तोंडानं घट्ट बसलेले दोन मास्क माउथपीस घेतल्याबरोबर त्याच घडीतून हवा सोडायला लागले. दुकानदारानं सांगितलं, आता तोंडात माउथपीस ठेवूनच हसा. मला ते आधी विचित्र वाटलं. पण पाण्याखाली माणूस हसतोच. समोरून कासव आलं तर हसू येणारच, आणि मास्कला ते सहन करता आलं पाहिजे.

यानंतर नाक. नाकाचं हाड आतून फ्रेमला लागतंय का? दुकानात दोन मिनिटांत ते जाणवत नाही, म्हणून त्यानं मला आवडलेले दोन मास्क आळीपाळीनं बराच वेळ लावून बसवलं. एकाची फ्रेम भुवयांच्या वर कपाळाला टेकत होती. आधी काहीच वाटलं नाही, आणि हळूहळू तिथं ठणका सुरू झाला. तासभराच्या डाइव्हमध्ये तो ठणका काय झाला असता! नाक बाहेरून चिमटीत येतं का तेही दोन्ही हातांनी करून बघितलं, कारण खाली एका हातात काहीतरी धरलेलं असतं.

नजर कुठवर जाते हेही बघायचं. मास्कमधली हवा जितकी कमी, म्हणजे काच डोळ्याच्या जितकी जवळ, तितकं जास्त दिसतं आणि पाणी शिरलं तर काढायलाही कमी फुंकावं लागतं. फ्रीडायव्हिंगवाले एका श्वासात खाली जातात, त्यांना मास्कसाठी हवा खर्च करायची नसते, म्हणून ते अगदी चपटे मास्क वापरतात. पण काच फार जवळ आली की माझ्या पापण्या तिला लागत होत्या. मान न हलवता खाली बघितल्यावर स्वतःच्या पोटावरचं बकल दिसावं, एवढं माप मी धरलं.

काचेबद्दल तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं. काच टेम्पर्डच हवी. तसं काचेवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. फुटलीच तर ती बोथट तुकड्यांत फुटते, आणि ती डोळ्यांपासून किती जवळ असते ते लक्षात घ्यावं. स्वस्तातल्या सेटमध्ये प्लॅस्टिकची काच आणि पीव्हीसीची कड येते. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात, पीव्हीसी कडक असतं आणि काही महिन्यांत आणखी कडक होतं. कड सिलिकोनची असली की तीच किती तरी वर्षं मऊ राहते. पारदर्शक सिलिकोनमधून बाजूचा उजेड आत येतो. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांना ते बरं पडतं, पण कालांतरानं ते पिवळं पडतं. काळ्या सिलिकोनमध्ये बाजूचा उजेड येत नाही, काचेवर आतून चमक पडत नाही. फोटो काढणारे म्हणून काळं घेतात. मीही काळं घेतलं. माझ्या नंबराच्या काचांवर बाजूचा उजेड नाचला असता तर मला सहन झालं नसतं.

नंबरामुळेच माझी निवड एका काचेच्या मास्कवरून दोन काचांच्या मास्कवर आली. दोन काचांच्या पुष्कळ मॉडेलमध्ये मूळ काच काढून तयार नंबराची काच बसवता येते. हे नंबर साधारण अर्ध्या अर्ध्या डायऑप्टरच्या टप्प्यानं मिळतात आणि डावी-उजवी काच वेगळी असते. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चष्म्याचा कागद घेऊन गेले. त्यांनी अर्धा नंबर कमीच घ्यायला सांगितलं. एक तर पाण्याखाली फार लांबचं असं काही दिसतच नाही. पाणी कितीही स्वच्छ असलं तरी ठरावीक अंतरापलीकडे सगळं विरघळतं. दुसरं म्हणजे या वयात जवळचं वाचायला त्रास होतो आणि हातावरच्या, घड्याळासारख्या डाइव्ह कॉम्प्युटरचे आकडे तर वाचता आलेच पाहिजेत. दूरचा पूर्ण नंबर लावला असता तर मासे स्पष्ट आणि खोलीचा आकडा पुसट, असं झालं असतं. कॉन्टॅक्ट लेन्सचंही विचारलं. पाण्याशी संबंध येणार असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून त्या त्यांनी नकोच म्हटल्या. तिरका (सिलिंड्रिकल) नंबर जास्त असलेल्यांना तयार काच पुरत नाही. चष्मेवाल्याकडून खास घासून मास्कच्या काचेला आतून चिकटवून घ्यावी लागते. माझा तिरका नंबर नगण्य, त्यामुळे ते वाचलं. काचा मागवाव्या लागल्या आणि त्या यायला वेळ लागला, पण मला घाई नव्हती.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्कही बघितले, कारण आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबानं तेच घेतले होते आणि ते फार खूश होते. डेकॅथलॉननं २०१४मध्ये 'ईझीब्रेथ' आणला तेव्हापासून हा प्रकार घरोघरी गेला. नाकानं-तोंडानं कसाही श्वास घ्या, माउथपीस दातांत धरायला नको. २०२० साली करोनाच्या लाटेत इटलीतल्या ब्रेशिया शहरातल्या इसिनोव्हा कंपनीनं याच मास्कला थ्री-डी प्रिंटरवर झडप बनवून जोडली आणि रुग्णांना श्वासाचा आधार देण्यासाठी तो वापरला, ही गोष्ट मला फार भावली होती. शांत पाण्यावर पालथं पडून खाली बघायला तो बरा आहे, आणि घ्यायचाच तर नामांकित कंपनीचा घ्यावा, कारण नकली मास्कमध्ये सोडलेला श्वास नीट बाहेर जात नाही आणि कार्बन डायऑक्साइड आतच साठण्याची भीती असते. पण त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणजे कान मोकळे करता येत नाहीत. मला खाली जायचं होतं, तेव्हा माझ्यापुरता तो विषय तिथंच संपला.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून एक न दिसणारा तेलकट थर येतो. तो काढला नाही तर काच पाण्यात सतत धुरकटते. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, बोटावर घेऊन आतून-बाहेरून काच चोळायची, धुवायची, वाळू द्यायची, पुन्हा चोळायची. मी हे काही संध्याकाळी टीव्ही बघत करत बसायचे. लायटरची ज्योत फिरवून थर जाळणारेही आहेत. मला सिलिकोनच्या इतक्या जवळ आग न्यायची नव्हती. काचेवर खास लेप असेल तर मात्र टूथपेस्ट चालत नाही, तेवढं माहितीपत्रकात बघून घ्यावं. हे सगळं झाल्यावरही पाण्यात उतरण्याआधी दर वेळी काचेला आतून काहीतरी लावावं लागतंच. लहान मुलांचा शाम्पू पाण्यात मिसळून लावावा किंवा थुंकी चोळून विसळून टाकावी. थुंकीची मला आधी किळस वाटली. आता वाटत नाही.

माझं बघून नवऱ्यालाही स्नॉर्केलिंगची इच्छा झाली. त्याला मास्क शोधताना कळलं की चेहऱ्यापेक्षा त्याच्या मिशांचा प्रश्न मोठा आहे. स्कर्टची खालची कड नाकाखाली वरच्या ओठावर टेकते आणि मिशांच्या केसांमधून पाणी झिरपतं. दाढीचा त्रास सहसा होत नाही, कारण मास्क हनुवटीपर्यंत येतच नाही. पेट्रोलियम जेली चोपडा असं पुष्कळ जण सुचवतात. पण त्यानं रबरी सामान खराब होतं आणि काचेला लागली तर दिसायचं बंद. शेवटी नाकपुड्यांच्या लगत खालची एक बारीक पट्टी त्यानं साफ केली, बाकी मिशा तशाच. कड टेकायला तेवढी मोकळी त्वचा पुरली. "अगं, कुणाला कळणारसुद्धा नाही," असं तो आरशासमोर उभा राहून मला बजावत होता आणि खरोखरच कुणाला कळलं नाही.

टँकवर मास्कची परीक्षा घेतली. रहदारी कमी असते तेव्हा, सकाळच्या शेवटच्या बॅचला. पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, कानांच्या वर, आणि सैलच. खोलीवर पाणीच मास्कला चेहऱ्याशी धरून ठेवतं. पट्ट्यानं तो जागेवरून सरकू नये एवढंच बघायचं. जास्त आवळला की स्कर्टची कड दुमडते आणि जिथं टेकायची तिथं तिला सुरकुती पडते. मालवणच्या पोराचं म्हणणं मला आता नीट उमगलं होतं. कपाळावरची एक बट कडेखाली अडकली तरी तेवढ्यातून पाणी येतं, म्हणून हल्ली मी पोहण्याची टोपी घालते.

मग मुद्दाम मास्कमध्ये पाणी भरून घेतलं. मास्क कितीही चांगला असला तरी कधीतरी पाणी येणारच. कुणाचा फिन, म्हणजे पायातलं वल्हं, लागतो, कधी आपणच हसतो. कड थोडी उचलून निम्मा मास्क भरू द्यायचा, तोंडानं श्वास चालू ठेवायचा, मग वरची चौकट बोटांनी कपाळाशी दाबून धरायची, मान किंचित वर करायची आणि नाकानं सावकाश फुंकायचं. हवा वर चढते आणि पाणी खालच्या कडेतून निघून जातं. अवघड भाग फुंकण्याचा नाहीच. नाक पाण्यात बुडालेलं असताना तोंडानं निवांत श्वास घेत राहणं हे शरीराला पटत नाही. घशाशी काहीतरी आवळतं आणि वर पळावंसं वाटतं. मी उथळ भागात गुडघ्यांवर बसून, स्नॉर्केल तोंडात धरून, मास्क न घालताच नुसतं नाक पाण्यात ठेवून श्वास घ्यायची सवय केली. आधी दोन-चार श्वास, मग जास्त. हे घरच्या बादलीतही करता येतं. स्कुबाला जाणाऱ्या प्रत्येकानं आदल्या आठवड्यात एवढं करावं, असं मला कळकळीनं वाटतं.

कोर्ससाठी अंदमानातल्या स्वराज द्वीपला गेले. जुन्या माणसांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे; २०१८च्या डिसेंबरात नाव बदललं. नेमो रीफ किनाऱ्यावरून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि उथळ वाळूवर गुडघे टेकून सगळी कौशल्यं तिथंच करून घेतात. मास्क पूर्ण काढायचा, हातात धरायचा, परत घालायचा आणि पाणी काढायचं, हे माझ्या बॅचमधल्या तरुण मुलांना जड जात होतं. माझे डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता, आणि हाताला मास्कची ओळख होती. कड कुठं बसते, नाक कुठं जातं, पट्टा किती खाली हवा, हे बोटांना पाठ. इन्स्ट्रक्टरनं दोन्ही हातांनी ओके दाखवलं.

खाली जाताना दर मीटरला मास्क चेहऱ्यावर हळूहळू दाबला जातो. त्या वेळी नाकातून थोडी हवा सोडायची हे लक्षात ठेवावं लागतं. कान मोकळे करायच्या नादात पुष्कळ जण ते विसरतात आणि वर आल्यावर चेहऱ्यावर गोल वळ घेऊन फिरतात. दहा मीटरच्या आसपास लाल रंग मावळतो, सगळं निळसर होत जातं. कोर्समध्ये १८ मीटरच्या खाली जायची परवानगी नसते. मला त्याची गरजही वाटली नाही. तिथं एका समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोनच्या) बोटांमध्ये जोकरमासे होते. त्यांच्या अंगावरच्या पांढऱ्या पट्ट्यांना काळी बारीक किनार असते. ती किनार मला दिसली. उणे साडेचारच्या डोळ्यांना, चष्म्याशिवाय, पाण्याखाली. मी इतकी हसले की नाकाजवळच्या घडीतून चमचाभर पाणी आत आलं. ते फुंकून काढलं आणि पुन्हा बघत राहिले.

आता मास्क प्रवासात हातातल्या पिशवीत, कडक डबीतच ठेवते, कारण नंबराच्या काचा दुसरीकडे मिळायच्या नाहीत. वापरल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवते. उन्हात सिलिकोन लवकर म्हातारं होतं. काळ्या फिन्सवर टेकवून ठेवत नाही, रबराचा रंग सिलिकोनला लागतो. पट्टा हाच आधी तुटणारा भाग, म्हणून एक जादा पट्टा डबीत असतो.

मालवणच्या बोटवाल्यांशी गेल्या खेपेला बोलणं झालं. टबात तीन मापांचे मास्क आणि उणे दोन, उणे चार, उणे सहा असे नंबराचे दोन-दोन ठेवले तर किती लोकांना खालचं खरोखर दिसेल, हे मी त्यांना पोटतिडकीनं सांगितलं. एकानं लिहून घेतलं. काही जण लहान मुलांचे मास्क आधीच वेगळे ठेवतात, हेही बघितलं आणि बरं वाटलं. भाड्याचा मास्क मिळाला तरी बोटीतच, किनारा सुटायच्या आधी, मान वर करून लावून बघायला कुणी नाही म्हणत नाही. शेजाऱ्याला कड बघायला सांगायची, माउथपीस घेऊन पुन्हा बघायचं, आणि बसला नाही तर दुसरा मागायचा. मागायला लाजू नये. बोटीवरच्या मुलांनाही पाण्याखाली घाबरलेला माणूस सांभाळण्यापेक्षा वर मास्क बदलून देणं कितीतरी सोपं जातं.

भाचीला आता कोर्स करायचा आहे. माझाच मास्क घेऊन जाते म्हणाली. मी तिला छताकडे बघायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन तिच्याभोवती फिरले. तिच्या गालांची हाडं वर आहेत, आईच्या वळणाची. नाकाच्या दोन्ही बाजूंना सरळ सरळ उजेड आत जात होता. येत्या शनिवारी आम्ही दोघी पुन्हा मुंबईला त्या दुकानात जाणार आहोत.